पावातली बंदरं

६ जुलै १९९८

माझी लोणच्याची बरणी आज फ्रिजवरून उचलून न्हाणीघराच्या फळीवर ठेवली. पेणहून विमानात मांडीवर धरून सिंगापूरला आणलेली बरणी. का, तर फ्रिजवर आता मोहरीच्या बाटल्या राहणार. पिवळी मोहरी, तपकिरी मोहरी, गोड मोहरी, दाणे दिसणारी मोहरी. जन्मभर फोडणीत मोहरी घातली, तिचे एवढे नखरे असतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

श्री. वर लिहायचं ते खाली आलं. देवाने चालवून घ्यावं, त्याच्यासमोरही पावांचे खोके रचलेत.

ही डायरी सुनेच्या कंपनीत फुकट वाटली. विद्या आंग मो किओला कॉम्प्युटरचे भाग करणाऱ्या कंपनीत मॅनेजर आहे. म्हणाली, "आई, तुम्ही दिवसभर बोलता ते लिहून ठेवत जा, छान लिहाल." म्हणजे तोंड बंद ठेवा. मी चौथी शिकले आहे, पण एवढं कळतं.

तर झालंय असं. माझा मुलगा शामकांत बोटीवर चीफ इंजिनिअर. लग्नाआधीपासून समुद्रावर. मागच्या महिन्यात घरी आला, आणि बॅग सोडायच्या आत म्हणाला की मला आता जमिनीवर राहून बघायचंय. आमच्या यिशुनच्या ब्लॉकखाली कॉफीशॉप आहे, त्यात एक कोपरा भाड्याने घेतला. आज उघडला. विकतो काय, तर पावात सॉसेज. हॉट डॉग. नावात कुत्रा, आत कोंबडी, आणि ढवळायला चाळिशी ओलांडलेला इंजिनिअर.

नवराबायकोत असं ठरलंय की सप्टेंबरपर्यंत दुकान चालवून बघायचं. तोवर मुंबईच्या ऑफिसचा फोन येईलच, तेव्हा हो की नाही ते सांगायचं. हो म्हटलं की पुन्हा आठ-नऊ महिने पाण्यावर. नाही म्हटलं की कायमचा घरी, कारण या वयात नाही म्हणणाऱ्याला कंपनी परत विचारत नाही. विद्या यावर काही बोलत नाही, फक्त फोन वाजला की तिच्या हातातलं लाटणं थांबतं. नात ईशा, अकरा वर्षांची, ती म्हणते, "सी फर्स्ट लाह." म्हणजे आधी बघू तर.

मला काय. मला कोणी असलं काय, नसलं काय, पोळ्या तेवढ्याच करायच्या.

९ जुलै

दुकानावर पाटी लागली. ईशाने वाचून दाखवली. व्हाल्पाराइसो, न्यूयॉर्क, शिकागो, गोथेनबर्ग, रेक्याविक. ही खाण्याची पाटी आहे की बोटीचं वेळापत्रक ते कळत नाही. न्यूयॉर्कमध्ये आंबलेला कोबी आणि तांबड्या रश्श्यातला कांदा. शिकागोमध्ये टोमॅटो, काकडीचं लोणचं, हिरवी गोड चटणी, बारक्या मिरच्या, मोहरी आणि कसलंसं मीठ, इतकं की आत सॉसेज आहे की नाही हे चाचपून बघावं लागतं. रेक्याविक म्हणजे कच्चा कांदा आणि त्यावर तळलेला कांदा. भुकेल्या माणसाला कांद्याला तोंडी लावायला कांदा द्यायचा. गोथेनबर्गमध्ये सॉसेजवर कुस्करलेला बटाटा. म्हणजे कोणीतरी बटाटेवडे करायला बसलं होतं आणि तेल तापायच्या आत पाहुणे आले.

दुकान चालवतो ते इंजिनरूमसारखं. सॉसेजच्या पाण्यात थर्मामीटर. तासातासाला आकडा लिहून खाली सही. सही कोणाला दाखवणार, सॉसेजला? काल विद्या ऑफिसातून येऊन मदतीला उभी राहिली, तर तिला म्हणाला, "नंबर दोनचं तापमान बघ आणि रिपोर्ट कर." तिने बघितलं त्याच्याकडे. मग स्वतःच बघून आला.

मी विचारलं, "शाम, ही गावं कशी होती रे?"

"गावं कुठे बघितली, आई. बोट धक्क्याला लागली की इंजिनाची कामं निघतात. थोडा वेळ सुटका मिळाली तर गोदीच्या फाटकापर्यंत जायचं. तिथे एक गाडी उभी असते. उभ्याने खायचं आणि परत."

"म्हणजे जग फिरलास ते फाटकापर्यंत."

"फाटकापर्यंतच."

मी पेणला सगळ्यांना सांगत होते की आमच्या शामने अमेरिका पायाखाली घातली. आता त्या लोकांना काय सांगू, पाव खाऊन आला?

१४ जुलै

आज एक चिनी बाई आली. घरातल्या चपला, हातात भाजीची पिशवी, म्हणजे ब्लॉकमधलीच. शिकागो मागितला. हातात घेतला आणि विचारलं, "चिली सॉस गॉट ऑर नॉट?"

आमचे चिरंजीव म्हणाले, "मॅडम, धिस इज शिकागो स्टाइल. नो चिली सॉस, नो केचप."

बाई म्हणाली, "आय स्टे ब्लॉक सेव्हन-टू-सिक्स लाह. नॉट शिकागो."

एवढं इंग्रजी मलाही कळलं. शेजारी टॅन अंकलचा फिशबॉल नूडल्सचा स्टॉल आहे, त्याने हसत हसत स्वतःची चिलीची बाटली पुढे केली. बाईने ती भरभरून ओतली आणि आमच्याकडे न बघता गेली. टॅन अंकल आणि मी, आम्हाला एकमेकांचं अक्षर कळत नाही, म्हणून आमचं चांगलं जमतं.

मी म्हटलं, "एक बाटली ठेव की. गिऱ्हाईक मागतंय."

"आई, शिकागोत लाल सॉस मागितला तर लोक हसतात."

"मग शिकागोत दुकान काढायचं होतंस, तिथे गर्दी झाली असती. इथे माशा हसतायत."

तो म्हणाला, जिथली वस्तू तिथल्यासारखीच मिळाली पाहिजे, नाहीतर नाव लावायचं नाही. इंजिनाचा भाग बदलावा तसं बोलतो. नट एका मापाचा आणि बोल्ट दुसऱ्या मापाचा चालत नाही म्हणे. मी म्हटलं, गिऱ्हाईक नट नाही. त्यावर तो थर्मामीटर बघायला गेला.

२१ जुलै

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे नेहमीप्रमाणेच. मी खाली जाऊन बसले होते. विचारलं, "पाटीवर सगळ्यात वर ते हिरवं का रे? ते तर कोणीच घेत नाही." व्हाल्पाराइसो म्हणजे पावात सॉसेज, वर चिरलेला टोमॅटो, अव्होकाडोचा हिरवा लगदा आणि पांढरं मेयोनीज. दिसायला भिंतीला पहिला हात दिल्यासारखं.

तो पाव कापत होता. कापता कापताच बोलला.

"ते मी खात होतो तेव्हा बाबा गेले होते."

मी ओट्यावरचा पावाचा चुरा गोळा करायला घेतला.

"मला माहीत नव्हतं. गाडीवाल्याला टोमॅटो जास्त घाल म्हणून खुणेने सांगत होतो. परत बोटीवर गेलो तेव्हा रेडिओ ऑफिसरने तार हातात दिली. माझ्या जागी यायला दुसरा इंजिनिअर मिळाला नाही, आणि बोट सुटली."

हे गेले ते एक्क्याण्णव साली. घरात माणसं खूप होती. सगळी विचारत होती, शाम पोचतोय ना, आणि मी प्रत्येकाला सांगत होते, निघालाय.

मी विचारलं, "चव कशी होती?"

"आठवत नाही."

"मग पाटीवर वर कशाला लिहिलंस?"

"पाटी लिहायला बसलो, तर तेच पहिलं लिहिलं गेलं."

मी म्हटलं, खपत नाही ते खाली घालावं, धंद्याची तेवढी तरी रीत आहे. तो हो म्हणाला. पाटी तशीच आहे.

२५ जुलै

लिहिण्यासारखं काही नाही. ते हिरवं खाऊन बघितलं, अख्खं. काय विकतोय ते घरातल्या कोणीतरी तपासायला हवं. मीठ कमी होतं.

३१ जुलै

दुपारी फोन. मुंबईच्या ऑफिसातला मनोहर. बोटींवर माणसं पाठवायचं काम त्याचं. गोड बोलतो. माझ्या मुलाला इतकी वर्षं गोड बोलूनच घरातून काढलंय त्याने.

"आजी, नमस्कार. शामकांत आहेत का? चांगली बोट आहे, नवीकोरी. रॉटरडॅमला चढायचं."

"बाहेर गेलाय." हे खोटं नाही. कॉफीशॉप घराच्या बाहेरच आहे.

"निरोप द्याल ना?"

"देईन की." केव्हा ते त्याने विचारलं नाही.

निरोप द्यायला मी जिने उतरून जाणार होते का? आमची लिफ्ट दर मजल्याला थांबत नाही, आमच्या मजल्याला तर नाहीच. वर चढायचं किंवा खाली उतरायचं आणि मग लिफ्ट धरायची. माझे गुडघे काही मनोहरच्या कंपनीचे नाहीत. रात्री सांगणार होते, पण जेवताना तो मोहरीबद्दल बोलत बसला. मधे कोणी बोलायचं.

१२ ऑगस्ट

ईशा आत्तापर्यंत दुकानावरून शाळेत जाताना मान दुसरीकडे वळवून जायची. मैत्रिणींनी बघितलं तर म्हणे "सो पैसे". पैसे म्हणजे लाज, इथल्या चिनी बोलीत. आमच्याकडे पैसे नसले की लाज वाटते, इथे उलटं आहे.

आज शाळेतून आली ती गणवेशातच स्टॉलसमोर उभी राहिली. पाऊस पडत होता आणि तिला भूक लागली होती, एवढंच असेल.

"बाबा, वन हॉट डॉग. विथ चिली."

"कुठला? न्यूयॉर्क, शिकागो..."

"नो पोर्ट लाह. जस्ट हिअर."

मी बघत होते आता नट-बोल्टचं व्याख्यान होतं का. नाही झालं. हा टॅन अंकलकडे गेला, चिलीची बाटली मागून आणली. काकडी चिरून घातली, चीजचा तुकडा घातला. मग माझ्या हातातल्या डब्यातली शेव, मी चहाबरोबर खायला आणलेली, ती मला न विचारता मूठभर वर पसरली. पेणची शेव आहे ती, पुन्हा मिळायला आता कोणीतरी भारतातून यावं लागेल.

पोरीने खाल्लं. खाताना एकेका बंदराची चौकशी. मग म्हणाली, "माय प्रायमरी वन कॉन्सर्ट, दॅट टाइम यू ईट विच वन?" म्हणजे तिच्या पहिलीतल्या गॅदरिंगला हा कुठल्या बंदरात पाव खात होता.

शाम आठवत राहिला. म्हणाला, "रेक्याविक."

"नाइस ऑर नॉट?"

"कांदा फार होता."

तिने मान हलवली आणि उरलेला पाव संपवला. दोघंही बोटं चाटत होते. रुमाल कोणाकडे नाही. शिकलेली माणसं.

संध्याकाळी पाटीवर खाली एक ओळ वाढली, यिशुन. महिनाभर मी मराठीत सांगत होते, चिली ठेव, तेव्हा हा बहिरा होता. पोरीने एकदा इंग्रजीत मागितलं तर लगेच पाटीवर. भाषेचा गुण असेल.

१९ ऑगस्ट

यिशुन खपतो. मागच्या महिन्यातली ती ब्लॉक सातशे सव्वीसची बाईही परत आली आणि दोन घेऊन गेली. शेव संपली, आता लिटल इंडियातून आणतात. ती शेव नाही, पिवळी दोरी आहे.

मनोहरचा पुन्हा फोन. मी म्हटलं, अंघोळीला गेलाय. तो म्हणाला, "आजी, थांबतो मी." मी म्हटलं, "थांबू नको, अंगाला तेल लावून बसतो, वेळ लागतो."

रात्री जेवताना शाम ताटाकडे बघून म्हणाला, "मनोहरचा फोन नाही आला अजून. एव्हाना यायला हवा होता."

विद्या म्हणाली, "येईल."

"नाही येणार. सगळीकडे मंदी आहे, बोटी उभ्या आहेत. माझ्यापेक्षा लहान माणसं स्वस्तात मिळतात. विसरले ते मला." मग म्हणाला, "ठीक आहे. दुकान आहे ना."

ते दुकान आहे ना असं म्हणाला आणि मला भात गिळवेना. भात जरा फडफडीत झाला होता.

३० ऑगस्ट

मरीन परेडला पद्माकरच्या काँडोच्या, म्हणजे पैसेवाल्यांच्या इमारतीच्या, हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम. पद्माकर बँकेत मोठा साहेब. त्याची बायको मेधा, तिने मागच्या आठवड्यात शामला सांगितलं, मुलांसाठी तुमचे हॉट डॉग ठेवा, मुलं खूश होतील. शाम इतका खूश झाला की कोणालाच काही विचारलं नाही.

काल मेधाचा फोन. "शामकांत, अर्थात व्हेजच हं. गणपती आहे."

बरं. सॉसेज काढलं.

संध्याकाळी परत फोन. "आणि कांदा-लसूण नको. नैवेद्याचं पान त्याच टेबलावर आहे."

मग राहिलं काय? न्यूयॉर्क गेलं, शिकागो गेलं, रेक्याविक तर मुळासकट गेलं. मी म्हटलं, पाव ने आणि त्यावर मोहरी लाव, लोक प्रसाद म्हणून घेतील. पण हा हटणारा नाही. रात्रभर भिजवून, उकडून, तव्यावर डाग पाडून अख्खी गाजरं पावात घातली. सरळ, एका मापाची, शोधून आणलेली. सॉसेज वाटावं म्हणून.

हॉलमध्ये मुलांनी एक घास घेतला आणि गाजरं काढून त्यांच्या तलवारी केल्या. बापे मंडळी हसत होती. पद्माकर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय शामकांत, चीफ इंजिनिअर ते गाजरवाला, मोठं प्रमोशन." मेधा म्हणाली, "अहो, असं काय. त्यांची हॉबी आहे ती. बोटीवर परत जाईपर्यंत वेळ जायला हवा ना."

शाम हसला. त्याचं ते हसू मी ओळखते, लहानपणी मास्तरांनी उठाबशा काढायला लावल्या की घरी येऊन असंच हसायचा.

मी मेधाला म्हटलं, "तुमच्या मोदकाचं सारण छान झालंय, पारी फक्त कोणीतरी वेगळ्याने करायला हवी होती." तिने विचारलं, "काय झालं पारीला?" मी म्हटलं, "काही नाही, मजबूत आहे. तुमच्या काँडोचा पाया याचाच घातला असता तर बरं झालं असतं." पद्माकरला काही म्हटलं नाही, त्याचा मोदक तोंडात अडकला होता.

ईशाने येताना बसमध्ये उरलेले गाजर-पाव एकटीने खाल्ले. म्हणाली, "नॉट बॅड वॉट." मग बापाच्या खांद्यावर झोपून गेली. आमचा स्टॉप गेला तरी शाम हलेना, पुढच्या स्टॉपवरून चालत आलो. माझ्या गुडघ्यांचा विचार कोणी केला नाही.

७ सप्टेंबर

मनोहर. तिसरा फोन. आज आवाजात साखर कमी होती.

"आजी, खरं सांगा. त्यांना निरोप मिळतोय ना? रॉटरडॅमची बोट मी त्यांच्यासाठी धरून ठेवलीय. माझ्यावर वरून ओरडा बसतोय."

"त्याला बरं नाही."

"काय झालं?"

तोंडात आलं ते बोलले. "त्याला बोट लागते."

मनोहर म्हणाला, "आजी, ते वीस वर्षं बोटीवर... अहो, बोट कशी लागेल?"

"आता लागायला लागली. वय झालं. नुसतं पाणी बघितलं तरी उलट्या होतात. परवा आंघोळीच्या बादलीकडे बघून झाली." आणि ठेवून दिला.

मागे वळले तर ईशा. शाळा लवकर सुटली होती. आतल्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर तिच्या हातात, वायर ताणून दारापर्यंत आलेली.

"आजी, यू टेल लाय अह."

मी म्हटलं, मोठ्यांच्या फोनमध्ये कान घालायला कोणी शिकवलं. ती ऐकत नव्हती. "बाबा थिंक नोबडी वॉन्ट हिम, यू नो. एव्हरी डे ही थिंक."

"मग राहतोय ना घरी. तुला नको का?"

तिने रिसीव्हर जागेवर ठेवला. मग मराठीत बोलली, तोडून तोडून, माझ्यासाठी. "पाहिजे. पण फोन नाही आला म्हणून राहिला, ते काउंट नाही आजी. त्याला फोन आला, आणि तरी राहिला, ते काउंट."

अकरा वर्षांची आहे, आणि मराठी अशी की कान धरावेत. मी तिला म्हटलं, हातपाय धू आणि जेवायला बस. ती बसली. मला मात्र पोळी लाटता येईना, गोल होईना. कणीक सैल होती.

८ सप्टेंबर

रात्री सगळे जेवायला बसल्यावर सांगितलं. प्रस्तावना केली नाही.

"शाम, मनोहरचे तीन फोन आले. मी घेतले. तू नाहीस म्हणाले. रॉटरडॅमची नवी बोट धरून ठेवलीय त्याने."

विद्याच्या हातातली वाटी खाली आली. "आई, काय सांगता?"

मी माझ्या मुलाकडे बघत होते. मला वाटलं रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा असा उजळला की मला तिथल्या तिथे एक गाजर फेकून मारावंसं वाटलं.

"तीन?" तो म्हणाला. "तीनदा केला त्याने?"

"तीनदा. मोजून खूश हो."

मग तो विद्याकडे बघायला लागला, ईशाकडे बघायला लागला, आणि तो उजेड हळूहळू विझला. ईशा आमटीत बोट फिरवत होती. शेवटी त्याने विचारलं, "का केलंस आई?"

मी म्हटलं, "मला तुझं हॉट डॉगचं दुकान फार आवडतं."

विद्या हसली, मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, मग ती परत हसली. या बायकांचं काही कळत नाही.

शाम म्हणाला, "बोट धरून ठेवलीय म्हणजे उद्या मनोहर परत करेल. दुपारी, नेहमीच्या वेळी. विद्या, तू अर्धा दिवस घरी ये, तूच बोल त्याच्याशी. मी दुकानात असेन. काय ठरवायचं ते तुम्ही दोघी..."

"अहो, मी काय सांगू त्याला?" विद्या म्हणाली.

मी ताट बाजूला सारलं. आजवर ही पोरगी विचारायची, बाबा कुठे, बाबा कधी, बाबा का नाही आले, आणि उत्तरं आम्ही दोघी देत आलो. हे गेले तेव्हा साऱ्या घराला उत्तरं मी दिली, शाम निघालाय म्हणून. आता पुरे. जे बोलले तेच इथे लिहिते, म्हणजे उद्या कोणी मी असं म्हणाले नव्हते असं सांगू नये.

उद्या फोन वाजला की विद्या उचलणार नाही. मी उचलणार नाही. ईशानेही आतल्या खोलीतला उचलायचा नाही, आणि कान तर मुळीच लावायचा नाही. शामने थर्मामीटर, पाणी, सॉसेज सगळं टॅन अंकलवर सोपवून वर यायचं, जिने चढून, आणि स्वतः उचलायचा. हो म्हणायचं तर हो, नाही म्हणायचं तर नाही. आणि नंतर ईशा विचारेल ना, काय सांगितलंस म्हणून, तेव्हा तिला उत्तरही त्यानेच द्यायचं, तिच्यासमोर बसून. आमच्यापैकी कोणी मध्ये बोलायचं नाही.

या घरात उद्या फोन फक्त शामकांत घेईल.